पहिले साठ फूट

ओरलँडोहून खोकं आलं, राडामेसच्या अक्षरात माझं नाव,
आत जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं
अ‍ॅल्युमिनियमचं फ्लायव्हील.
टपालवाल्याने ते एका हाताने पुढे केलं,
मीही एकाच हाताने घेतलं
आणि तिथेच थोडी चिडले.

मूळचं, कंपनीचं, साडेदहा किलो बिडाचं,
गॅरेजात टायरला टेकून बसलेलं.
तोंडावर निळा डाग, मे महिन्यात क्लच जळला तेव्हाचा.
ते उचलताना मी अजून गुडघे वाकवते.

नवं भरतं सव्वाचार किलो.
फोनवर भाऊ म्हणतो, निडिया,
काट्याला पंख फुटतील बघ.
खरं होतं. बसवून पाहिलं.
पेडलला अंगठा लागला की इंजिन
तापल्या तेलातल्या मोहरीसारखं तडतडे,
आणि पाय काढला की गप्प.
मागचं काही आठवतच नाही त्याला.

सकाळी मी शाळेची बस चालवते,
डोंगरातल्या शेवटच्या घरापासून खाली किनाऱ्यापर्यंत.
चव्वेचाळीस मुलं, त्यांची दप्तरं, एक ट्रॉम्बोन.
चढावर थांबलेली बस पुन्हा हलवताना
डाव्या पायाला जे कळतं
ते राडामेस वहीत मांडतो, बाण काढून, सूत्रं लिहून.
बरोबरच असतं त्याचं.
पण घाम माझा असतो.

आईचे मामा साखर कारखान्यात होते.
तिथलं चाक दोन मजली.
संध्याकाळी वाफ तोडली तरी फिरत राहायचं म्हणे,
मामा हात धुऊन, सदरा बदलून
फाटकापर्यंत येत, तरी फिरतच.
मी विचारायचे, मग थांबायचं कधी?
ते म्हणत, आम्ही कधी बघायला थांबलो नाही गं.

बुधवारी रात्री, धावपट्टीवर,
समुद्राकडून खारं वारं, जळक्या रबराचा धूर,
माझी माझ्दा आणि शेजारी ओनेसिमोची टोयोटा.
पिवळा, पिवळा, पिवळा.
सहा हजारांवर क्लच सोडला.
टायरांनी डांबर घट्ट धरलं
आणि काटा खाली, खाली, तीन हजारांच्याही खाली,
कुणी पायाखालची फळी काढावी तसा.
ओनेसिमोचे मागचे दिवे बघत बसले मी.
पुढे दुसऱ्या, तिसऱ्या गिअरला ती अशी सुटली
की मला हसू आलं, एकटीलाच, हेल्मेटच्या आत.
चिठ्ठीवर: साठ फूट एक पूर्णांक ब्याऐंशी.
एकूण बारा एक्केचाळीस.

आठवडाभर गिअरबॉक्स छातीवर घेऊन
गाडीखाली पाठ टेकवली.
बिडाचं परत चढवलं, नट एकेक करून आवळले.
पुढचा बुधवार.
क्लच सोडला, आणि मागून कुणीतरी
भरल्या पोत्याने ढकललं.
साठ फूट एक एकोणसत्तर.
मग मात्र ती दम घेत घेत चढली,
शेवटी ओनेसिमो अगदी खांद्याला आला.
एकूण बारा अडतीस.

तीन शतांश.
एवढ्यात पापणीसुद्धा पुरती मिटत नाही.

ज्याची गाडी हलकी, टायर अरुंद,
त्याने खुशाल हलकं बसवावं.
वळणांच्या रस्त्यावर तर मीही तेच बसवीन.
माझे टायर घसरत नाहीत, सगळा धक्का
इंजिनाच्या पाठीवर येतो,
आणि तेव्हा आधी साठवलेलं काही असेल तर असेल,
मागाहून कमावून देणारं कुणी नसतं.
एवढंच सांगायचं होतं भावाला.
पण तो दोन वर्षांत एकदाही घरी आलेला नाही,
आणि खोक्यावर त्याने स्वतःच्या पैशाची तिकिटं लावली होती.

रविवारी त्याचा फोन आला.
कुठलं ठेवलंस?
मी काही बोलले नाही.
बॉनेट उघडलं, फोन इंजिनाजवळ धरला,
चार हजारांपर्यंत नेलं आणि सोडून दिलं.
आवाज उतरत गेला, सावकाश,
जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखा, कठड्याला हात लावत.
पलीकडे राडामेस मोजत असणार.
त्याच्या मागे कुठल्याशा हमरस्त्याची घरघर.

जुनंच, तो म्हणाला.
मग, थोड्या वेळाने:
अजून एकदा ऐकव.